एकोणीस गुणिले एकोणीस गुणिले कॉन टूही

मंगळवार, १६ ऑक्टोबर २०१८. रात्री ८ वाजून १२ मिनिटे.

जागेवरच लिहून ठेवते आहे, चर्चच्या पॅरिश हॉलमधल्या कोट टांगायच्या खोलीत उभी राहून. म्हणजे डिंपना कॉन्सिडीनने मागाहून तिखटमीठ लावलं, असं म्हणायची कुणाची सोय राहणार नाही.

वरील वेळी सेक्रेटरी अट्रॅक्टा हेनेलीने बिस्किटांच्या डब्यातून माझ्या नावाची चिठ्ठी काढली, लगेच दुसरी काढली आणि वाचली: कॉन टूही. दोन तारखेला कॉन टूही. नऊला कॉन टूही. आज कॉन टूही. ‘पंचेचाळीस’ या पत्त्यांच्या डावाला वीस माणसं येतात, दहा जोड्या होतात, आणि मला तीन मंगळवार भिडू म्हणून तोच.

मी म्हटलं, अट्रॅक्टा, डबा हलवलास का? म्हणाली, हलवला गं बाई, बस आता, लोक ताटकळलेत. माझ्याकडे न बघता म्हणाली. आम्ही दोघी कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसलो आहोत. ती खोटं बोलताना उजवी भुवई खाजवते. आज तिचे दोन्ही हात डब्यात होते, त्यामुळे काही ठरवता आलं नाही.

बुधवार, १७ ऑक्टोबर. सकाळी ७.

झोप नाही.

कॉनबद्दल माझ्या मनात तसं काही नाही. जन्म क्रीमरीत, लोणी काढायच्या कारखान्यात गेला, विधुर आहे, नखं स्वच्छ असतात. पण तो बदामाचा एक्का शेवटपर्यंत हातात धरून बसतो. या खेळात हुकूम कुठलाही असो, बदामाचा एक्का तिसरा मोठा. तो धरून काय करायचा? काल विचारलं, का नाही टाकलास? तो नुसता हसला. तीन मंगळवार मी प्रत्येक डावानंतर त्याची चूक समजावून सांगते आहे आणि तो नुसता हसतो आहे.

आता हिशेब. माझा भिडू होऊ शकतील अशी माणसं एकोणीस. एकदा कॉन येण्याची शक्यता एकोणिसात एक. दुसऱ्यांदा पुन्हा एकोणिसात एक. तिसऱ्यांदा पुन्हा तीच. आणि सिस्टर बेनिग्नसनी आम्हाला शिकवलंय की हे घडून मग तेही घडायचं असेल तर गुणाकार. तीन ब्लाउज आणि चार स्कर्ट, तर पोशाख बारा. आमचा गणवेश एकच होता, पण तत्त्व पक्कं झालं.

१९ × १९ × १९ = ६८५९.

हाताने केलं, पुन्हा करून पाहिलं. सहा हजार आठशे एकोणसाठात एक! निष्कर्ष उघड आहे. डब्यात लबाडी आहे, आणि डबा अट्रॅक्टाकडे असतो.

संकल्प: पुराव्याशिवाय बोलायचं नाही. आवाज चढवायचा नाही. अट्रॅक्टाशी बोलणं बंद.

सकाळी ११. बोलणं बंद असल्याचं कळवायला अट्रॅक्टाला फोन केला. पाऊण तास लागला.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर. दुपारी.

पत्त्यांच्या डावाच्या समितीला पत्र दिलं. दोन पानं, गुणाकार तिसऱ्या पानावर स्वतंत्र. चिठ्ठ्या टाकून भिडू ठरवायचे हा नियम १९९६ साली मीच मांडला होता. त्याआधी नवराबायको एकत्र बसून टेबलाखालून पायांनी बोलत. नियम माझा, आणि तोच माझ्यावर उलटवायचा?

काउंटी कौन्सिलच्या मोटार कर कार्यालयात मी जन्म घालवला. त्या काळी लग्न केलं की बाईने नोकरी सोडायची असा कायदा होता. मी नोकरी ठेवली. माझ्या खिडकीतून चुकीचा अर्ज कधी पुढे गेला नाही. लोक मला इतके जपत की माझी खिडकी रिकामी असली तरी शेजारच्या रांगेत जाऊन उभे राहत.

दुपारी दुकानात अट्रॅक्टा भेटली. म्हणाली, डिंपना, अगं मला सरळ लबाड लिहिलंयस. मी म्हटलं, लबाड नाही लिहिलं, ६८५९ लिहिलंय. ती म्हणाली, एकेचाळीस वर्षं ख्रिसमसचं जेवण तू माझ्याकडे जेवतेस. मी म्हटलं, त्याचा इथे संबंध नाही. ती बटाटे तिथेच ठेवून निघून गेली. दोषी माणूस असाच वागतो.

रविवार, २१ ऑक्टोबर. मासच्या प्रार्थनेनंतर.

फादर मलाकींनी चर्चच्या दारात गाठलं. ते समितीचे अध्यक्ष. म्हणाले, डिंपना, तुमचं पत्र वाचलं. एवढं रान उठवण्यासारखं काही नाही हो. दर आठवड्याला एकोणिसात एक, आठवडे तीन, म्हणजे एकोणिसात तीन. सहात एक धरा. फासा टाकावा इतकी साधी गोष्ट.

म्हणजे यांनी बेरीज केली! मी म्हटलं, फादर, तुमच्या रीतीने वीस मंगळवार झाले की एकोणिसात वीस. म्हणजे कॉन मला खात्रीपेक्षाही जास्त खात्रीने मिळणार. खात्रीपेक्षा जास्त खात्री तुमच्या प्रवचनात चालते, गणितात नाही. या तिन्हींपैकी कुठल्याही एकाच मंगळवारी तो आला असता तर बेरजेच्या आसपास काही बोलता आलं असतं. तो तिन्ही मंगळवारी आला. तिथे गुणाकारच.

फादरनी बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. मग म्हणाले, येत्या मंगळवारी चिठ्ठ्या मी काढतो, मग तरी तुमचं समाधान होईल ना? मी म्हटलं, समाधान हा प्रश्नच नाही, पण काढा. मागे उभ्या असलेल्या ब्रीज स्कॅहिलने, केशभूषेचं दुकान आहे तिचं, छातीवर क्रूसाची खूण केली. चर्चच्या दारात भक्ती बघून बरं वाटतं.

मंगळवार, २३ ऑक्टोबर. रात्री १०.

विजय! फादरनी बाह्या वर करून चिठ्ठ्या काढल्या. माझ्या नावापुढे ब्रीज स्कॅहिल. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, बघा, डबा बदलला नाही, हात बदलला.

दुर्दैवाने ब्रीजला त्याच क्षणी आठवलं की दुकानात इस्त्री चालू राहिली आहे. कोट न घालताच धावली. एकोणीस माणसं उरली. कॉनची भिडू अट्रॅक्टा होती. ती म्हणाली, मी चहाचं बघते, कॉन तू डिंपनाबरोबर बस. असा शेवटी पुन्हा कॉन समोर. ही वेळ हिशेबात धरत नाही, कारण ती चिठ्ठीने आलेली नाही.

ब्रीज परत आली नाही. इस्त्रीचं काय झालं, उद्या विचारायला हवं.

बुधवार, २४ ऑक्टोबर.

विचारलं. इस्त्री बंदच होती म्हणाली. मग परत का नाही आलीस? म्हणाली, मिस कॉन्सिडीन, मी दमले होते. मी तिला सांगितलं की विसरभोळेपणा वाढतोय तुझा, मागच्या मोसमातही तू हुकमाची पंजी, खेळातलं सगळ्यांत मोठं पान, पहिल्याच हाताला उडवत होतीस. तिच्या खुर्चीत बसलेल्या बाईच्या केसांना रंग लावलेला होता, तरी मी मुद्दा पूर्ण केला.

हे ईस्टरच्या चहालाही सांगितलं होतं. मोसम संपल्यावर कुणीतरी खेळाचा आढावा घ्यायला हवा, म्हणून मी उभी राहिले आणि प्रत्येकाच्या चुका सांगितल्या. आडनावांच्या अक्षरानुक्रमे, म्हणजे कुणाला पक्षपात वाटू नये. फक्त कॉन राहिला, तो हर्नियाचं ऑपरेशन होऊन घरी पडला होता. सगळं संपल्यावर हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. माणसं भारावली की अशीच गप्प होतात.

मंगळवार, ३० ऑक्टोबर. रात्री १०.

फादरनी चिठ्ठ्या काढल्या. माझा भिडू लोरकन मॅकिनर्नी, गुरांचा डॉक्टर. उत्तम. खुर्ची ओढतो तोच त्याचा फोन थरथरला. कुठे तरी गाय अडली होती. लोरकनला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गाई त्यालाच बोलावतात. जाताना तो अट्रॅक्टाच्या कानात काही पुटपुटला. बहुधा गाईबद्दल.

अट्रॅक्टाने जागा फिरवल्या, आणि पुन्हा कॉन.

पण मी काही दुधखुळी नाही. एका मंगळवारी इस्त्री, दुसऱ्या मंगळवारी गाय. इस्त्रीची शक्यता शंभरात एक धरू, अडलेल्या गाईची तेवढीच. गुणाकार, दहा हजारात एक. या गावात काहीतरी शिजतं आहे, आणि दर वेळी लाभ कॉन टूहीचा होतो. त्याला चांगला भिडू हवा आहे. ख्रिसमसच्या डावाला टर्की बक्षीस असते, आणि गेल्या दहा वर्षांत ती तीनदा मी जिंकली आहे, भिडू कसेही असताना. कॉनने अट्रॅक्टाला हाताशी धरलं आहे. आता सगळं जुळलं.

समितीला माझा गुणाकार पुरत नसेल तर मी तो प्रमाणित करून आणीन. सिस्टर बेनिग्नस अजून आहेत. नव्वदी उलटली, पण डोकं शाबूत आहे म्हणतात.

शुक्रवार, २ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.

आज सगळ्या मृतांचा दिवस. आईवडिलांच्या थडग्यावर फुलं ठेवली आणि तिथून सरळ कॉन्व्हेंटच्या शुश्रूषागृहात गेले.

सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, कॉन्सिडीन, पाठ सरळ. मला फार बरं वाटलं. सगळी हकीकत सांगितली, गुणाकाराचा कागद पुढे केला आणि खाली सही मागितली.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. म्हणाल्या, डिंपना, तीनदा कॉनच्या जागी तीनदा ती केस कापणारी आली असती, तर तू पत्र लिहिलं असतंस का? मी म्हटलं, लिहिलं असतं. त्या म्हणाल्या, तो गुरांचा डॉक्टर आला असता तर? मी म्हटलं, त्याच शब्दांत. मग म्हणाल्या, तर पहिल्या मंगळवारी कुणीही येऊन चाललं असतं तुला. कुणीतरी येणारच होतं की नाही? त्यात नवल कसलं? नवल सुरू होतं दुसऱ्या मंगळवारपासून. एक एकोणीस खोड.

खोडलं. १९ × १९ = ३६१.

म्हणाल्या, आता सांग, तिथे जोड्या किती? दहा. तुझी जोडी सोडून दुसऱ्या कुणाची तीनदा तशीच निघाली असती, तर त्यानेही बोंब मारली असती ना? मी म्हटलं, इतरांना तेवढं लक्षात येत नाही. त्या म्हणाल्या, लक्षात येतं गं, ती माणसं पत्र लिहीत नाहीत एवढंच. ही जोडी, नाहीतर ती, नाहीतर ती, कुठलीही चालेल, तिथे बेरीज. तीनशे एकसष्टात एक, असं दहा वेळा मिळव.

मिळवलं. छत्तिसात एक.

आणि हे ऑक्टोबरातच व्हायला हवं होतं का? मोसमात मंगळवार किती? मी म्हटलं, तीस. म्हणाल्या, म्हणजे सलग तीन अशी अठ्ठावीस ठिकाणं. तीही मिळव. नुसती बेरीज केलीस तर थोडं जास्त येईल, कारण एकाच मोसमात दोनदाही घडू शकतं आणि ते दोनदा मोजलं जातं. नीट केलंस तर निम्म्याहून थोडं जास्त. म्हणजे बाळ, हे दर मोसमात कुणा ना कुणाला होणं हे नाणं उडवण्यासारखं आहे. आणि या खेपेला ते कुणाला झालं, तर हिशेब करणाऱ्या बाईला. त्यात त्या गरीब अट्रॅक्टाचा काय दोष?

मी म्हटलं, सिस्टर, हे तुम्ही आम्हाला शिकवलं नाहीत. त्यांनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला. मग म्हणाल्या, मुलींच्या वेळापत्रकात वरच्या श्रेणीचं गणित नव्हतं. मी गॉलवेच्या विद्यापीठात गणितात पहिली आले होते, आणि तुम्हाला ब्लाउज आणि स्कर्ट शिकवत बसले. निघताना म्हणाल्या, आणि गुणाकार करशील तेव्हा आधी बघ, गोष्टी एकमेकींपासून अलग आहेत ना. सगळ्यांच्या मागे एकच कारण असेल तर गुणाकार तोंडघशी पाडतो.

सही दिली नाही. वयाचा परिणाम असणार. त्या वयात माणसं उदार होतात.

शनिवार, ३ नोव्हेंबर. दुपारी ३.

सकाळपासून तेच करते आहे. सिस्टरांची चूक सापडत नाही.

शेवटी मी माझ्या मनाला विचारलं की समज हे बरोबर असेल तर काय? तर अट्रॅक्टाने काही केलेलं नाही. तर मी एका निरपराध बाईला समितीपुढे लबाड म्हटलं, जिच्याशी मी शेवटचं धड बोलले ते बटाट्यांच्या ढिगाऱ्यापाशी. काल रस्त्यात ती पलीकडच्या फुटपाथवर गेली. तेव्हा वाटलं होतं, लाजली.

जेवण गेलं नाही.

संकल्प: उद्या अट्रॅक्टाकडे जायचं आणि तिला मोठ्या मनाने सांगायचं की मी तिला माफ केलं आहे.

रविवार, ४ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.

मनुकांचा ब्रॅक, म्हणजे गोड पाव, घेऊन गेले. दुकानातला, पण वरून लोणी मी लावलं.

अट्रॅक्टाने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. मी म्हटलं, बोलणं चालू झालं आहे, आत घे. स्वयंपाकघरात बसले आणि तिला तो सगळा हिशेब समजावून सांगितला. एक एकोणीस कसा खोडायचा, दहा जोड्या कशा मिळवायच्या, अठ्ठावीस ठिकाणं कुठून आली. म्हटलं, अट्रॅक्टा, निम्म्याहून जास्त! तुझा काही दोष नव्हता. योगायोग होता. गुणाकार केला तिथे बेरीज हवी होती, आणि अशी चूक कुणाच्याही हातून होते, माझ्या हातून क्वचित. मी तुला माफ केलंय.

मला वाटलं ती हसेल. ती रडायला लागली.

म्हणाली, डिंपना, नको गं असं. तू मला लबाड म्हणालीस ते मी सहन केलं. आता तू मला निर्दोष म्हणतेस ते सहन होत नाही. मी म्हटलं, म्हणजे काय? तिने उजवी भुवई खाजवली नाही. म्हणाली, तुझी आणि कॉनची चिठ्ठी मी डब्यात टाकतच नव्हते. तळहातात ठेवत होते.

मी म्हटलं, कॉनने सांगितलं ना तुला? टर्कीसाठी?

ती म्हणाली, कसली टर्की! कॉनने काही मागितलं नाही, कॉनला मी विचारलं. सप्टेंबरात एकेक जण येऊन गेला माझ्याकडे. कुणी दुकानात, कुणी मासनंतर, कुणी फोनवर. ब्रीज तर रडली. अट्रॅक्टा, यंदा मला तिच्याबरोबर नको. ईस्टरला जे ऐकलं तेवढं पुरे. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच आलोय. मी काय करणार होते गं? एखादा-दुसराच आला असता तर सांभाळून घेतलं असतं. सगळे आल्यावर कोणाची चिठ्ठी तुझ्यापुढे टाकू? टाकली असती तर तो माणूस आलाच नसता, मग पुढच्या आठवड्यात दुसरा. डाव मोडला असता. आणि डाव मोडला असता तर तू मंगळवारी काय केलं असतंस?

मी विचारलं, सगळे म्हणजे किती?

म्हणाली, जाऊ दे.

मी म्हटलं, अट्रॅक्टा, मी आकड्यांची माणूस आहे. किती?

म्हणाली, कॉन सोडून.

वीस वजा मी, वजा कॉन. अठरा. त्या अठरांत अट्रॅक्टा स्वतः येते. मी विचारलं, सतरा की अठरा? ती उठली आणि तिने किटली ठेवली, आधीची उकळतच होती तरी.

मग कॉन कसा तयार झाला, विचारलं. किटलीकडे बघत म्हणाली, तो म्हणाला मला चालेल, ती बोलायला लागली की मी कानातलं यंत्र बंद करतो.

म्हणजे तीन मंगळवारांचं मार्गदर्शन पूर्ण वाया गेलं. इस्त्रीच्या आणि गाईच्या मंगळवारांसकट पाच.

मंगळवार, ६ नोव्हेंबर. रात्री साडेआठ.

जायचं असं ठरवलं होतं. ते बघतील मी किती शांत राहू शकते. कोट घातला, टोपी घातली. पण बाहेर धुकं फार होतं.

साडेसातला कॉनची गाडी दारात थांबली. पूर्वी कधी तो मला न्यायला आला नव्हता. मी दिवा मालवला. तो हॉर्न न वाजवता बसून राहिला, मग गेला. धुक्यात गाडी सावकाश हाकत होता. तेवढं तरी कळतं त्याला.

आता डाव सुरू झाला असेल. माझ्याशिवाय एकोणीस. एक जण बाहेर बसणार. तो कोण, हे कळवायला कुणी फोन केला नाही.

बुधवार, ७ नोव्हेंबर. सकाळी.

पोस्टात कॉन भेटला. म्हणाला, काल दिसला नाहीत, मिस. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. म्हणाले, मिस्टर टूही, तुमचं यंत्र आता चालू आहे का? त्याने कानाला हात लावला आणि कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, चालू आहे, मिस. मी म्हटलं, मग हॉलमध्ये का बंद असतं? म्हणाला, राग मानू नका. ऐकू आलं की मी गोंधळतो आणि पत्ते चुकतात. घरी तर ते दिवसभर बंदच असतं, ऐकण्यासारखं काही नसतं तिथे. हॉलमध्ये निदान समोर कुणीतरी माझ्याशी बोलताना दिसतं. मग म्हणाला, काल मी आणि ब्रीज जिंकलो. पण फार शांत होतं हो.

त्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. घरी येऊन अर्धा तास कोट न काढता बसले.

गुरुवार, ८ नोव्हेंबर. दुपारी.

अभ्यास सोडायचा नाही म्हणून पुन्हा कागद घेतला.

अठरा माणसं. एकमेकांशी न बोलता, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी एकच गोष्ट म्हणतात. प्रत्येकाची शक्यता अगदी निम्मी जरी धरली, तरी अठरा वेळा निम्मे करत गेलं की दोन लाखांहून जास्तात एक. हा योगायोग असूच शकत नाही. पण सिस्टर म्हणाल्या होत्या, सगळ्यांच्या मागे एकच कारण असेल तर गुणाकार करायचा नाही. म्हणजे अठराही जणांत समान असलेलं एक कारण शोधायला हवं.

शोधलं. अठरा जणांची वयं निरनिराळी. धंदे निरनिराळे. बायका अकरा, पुरुष सात. काही विवाहित, काही नाही. डावखुरे दोन. एकजण मेथडिस्ट, बाकीचे कॅथलिक.

समान कारण सापडलं नाही.

पाच वाजता अंधार पडला. दिवा लावला नाही. अट्रॅक्टाच्या खिडकीत उजेड दिसतो इथून. ती या वेळी फोन करते, जेवलीस का विचारायला. बोलणं चालू आहे हे तिला मी रविवारी स्पष्ट सांगितलं होतं.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर. दुपारी ४.

स्वयंपाकघरात रडत बोललेलं काही अधिकृत धरता येत नाही. अधिकृत कागदोपत्री फक्त माझी तक्रार आहे, आणि तिच्यातलं गणित चुकलं होतं. म्हणून समितीला आजच पत्र टाकते आहे. मजकूर इथे उतरवून ठेवते.

माननीय अध्यक्ष, फादर मलाकी, आणि सेक्रेटरी, मिस हेनेली, यांस.

माझं १९ ऑक्टोबरचं पत्र मी मागे घेते. त्यात जिथे बेरीज हवी होती तिथे गुणाकार झाला होता. दुरुस्त हिशेब सोबत जोडला आहे. त्यावरून दिसेल की सलग तीन मंगळवार एकच भिडू येणं ही मोसमात निम्म्याहून अधिक वेळा घडावी इतकी साधी गोष्ट आहे. तिच्यासाठी दुसरं कुठलंही कारण शोधायची गरज नाही. कृपया कुणी शोधू नये.

तरी समितीने मला लेखी कळवावं की २, ९ आणि १६ ऑक्टोबरच्या चिठ्ठ्यांमागे योगायोगाखेरीज काही नव्हतं. सही सेक्रेटरींचीच असावी. लांबलचक लिहायची आवश्यकता नाही, एक ओळ पुरे. ती मिळाल्यास मी नेहमीप्रमाणे आठ वाजता हजर राहीन. भिडू कुणीही चालेल.

उत्तर मंगळवार, १३ नोव्हेंबर, दुपारी बाराच्या आत मिळावं. फोनवर दिलेलं उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. पोस्टाने वेळेत पोचेल याचा भरवसा नसेल, तर मिस हेनेली यांनी स्वतः आणून दिलं तरी चालेल. मी घरीच आहे.